ईसी 0.9 आली म्हणजे माती क्षारमुक्त झाली का? नैसर्गिक परिसंस्थेतली क्षारता मोजताना आणि वाचताना

आधी प्रश्न थोडक्यात. खाडीच्या वरच्या टोकाला एक जुनी पाणथळ जागा आहे. मध्ये गवत आणि लव्हाळे, कडेला गोड्या पाण्यावर वाढणारी मोठी झाडं. काही वर्षांपासून कडेची झाडं शेंड्याकडून वाळत आहेत. अभ्यासगटाने दहा-बारा ठिकाणची माती गोळा करून एकत्र केली, एक भाग माती आणि पाच भाग पाणी ढवळून ईसी मीटर लावला आणि विद्युत वाहकता 0.9 डेसीसीमेन्स प्रति मीटर आली. तक्त्यात लिहिलं होतं, 4 च्या खाली म्हणजे क्षारमुक्त. मग झाडं का वाळताहेत? आणि मातीची क्षारता मोजून परिसंस्थेची प्रकृती कळते का?

कळते, आणि फार लवकर कळते. झाडं वाळायला लागण्याच्या कितीतरी आधी. पण एका आकड्यावरून ती कळत नाही. क्षार कुठल्या खोलीवर आहेत, वर्षाच्या कुठल्या काळात आहेत, कुठल्या दिशेने सरकताहेत आणि त्या जागेत मुळात किती असायला हवेत, या चार गोष्टी जोडून पाहिल्या तरच आकड्याला अर्थ येतो. नैसर्गिक जागांची तपासणी करणारे बहुतेक गट यातली एकही गोष्ट न पाहता सरासरी काढतात, आणि तिथेच सगळी माहिती हरवते.

पहिल्यांदा तुमच्या 0.9 चं काय ते पाहू. तक्त्यातला 4 हा आकडा एक-पाच अर्काचा नाही. तो संपृक्त अर्काचा आहे, म्हणजे मातीत जेमतेम लगदा होईल एवढंच पाणी घालून, तो लगदा काही तास ठेवून, मग निर्वात पंपाने गाळून काढलेल्या पाण्याचा. ही पद्धत आणि ही सीमा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने 1954 मध्ये रूढ केली आणि जगभर तीच चालत आली. तुम्ही मात्र 100 ग्रॅम मातीला 500 मिली पाणी घातलं. वाळूचा लगदा व्हायला 100 ग्रॅमला 25 मिलीच्या आसपास पाणी पुरतं. जड चिकणमातीला 80 मिलीसुद्धा लागतं. म्हणजे वाळूतले क्षार तुम्ही साधारण वीस पट पातळ केले आणि चिकणमातीतले सहा पट. म्हणून एक-पाचच्या वाचनाला मातीच्या पोतानुसार गुणावं लागतं. ऑस्ट्रेलियात वापरले जाणारे गुणक असे आहेत: वाळूला 20 च्या वर, वालुकामय पोयट्याला 14 च्या आसपास, पोयट्याला 9.5, चिकण पोयट्याला 8.6 आणि जड चिकणमातीला 6 च्या जवळ.

तुमची माती चिकण पोयटा धरली तर 0.9 गुणिले 8.6, म्हणजे 7.7. वालुकामय पोयटा निघाली तर 12 च्या वर. दोन्ही आकडे 4 च्या बरेच पुढे आहेत.

इथेही थांबू नका, कारण झाडाची मुळं संपृक्त लगद्यात राहत नाहीत. पाऊस पडून जास्तीचं पाणी निथळून गेलं की मातीत संपृक्त अवस्थेच्या साधारण निम्मंच पाणी उरतं आणि मरणोक्त बिंदूपाशी, म्हणजे झाडं कायमची सुकू लागतात तिथे, जेमतेम चौथा हिस्सा. क्षार तेवढेच राहतात. म्हणजे 7.7 चा अर्क देणाऱ्या मातीत मुळांभोवतीचं पाणी निथळल्यावर 15 च्या घरात असतं आणि कोरड्या मोसमाच्या शेवटी 30 च्या घरात. समुद्राच्या पाण्याची वाहकता 50 च्या थोडी वर असते, हे शेजारी ठेवून पाहा. पाणी ओढून घेण्यासाठी लागणारा जोर वाहकतेच्या प्रत्येक एककामागे साधारण 0.036 मेगापास्कलने वाढतो. म्हणजे 30 ला एक मेगापास्कलहून जास्त, आणि हा जोर कोरडेपणामुळे लागणाऱ्या जोराशिवायचा. बहुतेक गोड्या पाण्याच्या वनस्पती एकूण दीड मेगापास्कलच्या पुढे पाणी घेऊ शकत नाहीत. हाताला ओलसर लागणाऱ्या मातीत झाड तहानेने वाळतं ते असं. तुमच्या झाडांचं वाळणं मला तरी अजिबात गूढ वाटत नाही.

मोजमापाच्या काही बाबी इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. मीटर दर वेळी प्रमाण द्रावणाने तपासा, 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण 25 अंश सेल्सियसला 1.413 दाखवायला हवं. तापमान एका अंशाने वाढलं की वाहकता सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे 35 अंशाला घेतलेलं आणि दुरुस्ती न केलेलं वाचन पाचव्या हिश्शाने फुगलेलं असतं. मीटरमध्ये तापमान दुरुस्ती आहे का ते पाहा आणि एकक नीट लिहा. 900 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजेच 0.9 डेसीसीमेन्स प्रति मीटर. नोंदवहीत नुसतं "900" लिहिलेलं असेल तर दोन वर्षांनी ते कोणालाच कळत नाही. पाणी ऊर्ध्वपातित घ्या आणि त्याची स्वतःची वाहकताही नोंदवा. एक तास हलवा, निवळू द्या, वरच्या पाण्यात वाचन घ्या. मातीत जिप्सम असेल तर पाच पट पाण्यात ते जास्तीचं विरघळतं आणि गुणक लावल्यावर आकडा अवाजवी मोठा येतो. म्हणून सुरुवातीला काही नमुने तरी प्रयोगशाळेत संपृक्त अर्कासाठी पाठवा आणि तुमच्या जागेचा गुणक स्वतः काढा. एवढं एकदा केलं की पुढची अनेक वर्षं साध्या मीटरवर निभावतं.

खाडीकाठच्या काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या गाळाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. त्यात लोहाचे सल्फाइड असतात. असा नमुना पिशवीत आठवडाभर ठेवला किंवा उन्हात वाळवला तर सल्फाइडचं हवेशी ऑक्सिडीकरण होऊन आम्ल आणि सल्फेट तयार होतं. सामू कोसळतो आणि वाहकता चढते. मग तुम्ही मोजता ती तुमच्याच पिशवीत तयार झालेली क्षारता. असे नमुने हवा काढून थंड ठेवायचे आणि ओले असतानाच लगेच मोजायचे. ओलावा वेगळा काढून हिशेबात धरायचा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही माती एकत्र करून एक नमुना केलात. शेतात खताची शिफारस काढायला ती रीत योग्य आहे. नैसर्गिक जागेत ती सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण तिथे क्षारता दोन-चार पावलांवर बदलते आणि तो बदलच आपल्याला वाचायचा असतो. उघडा पडलेला पांढरट तुकडा, शेजारचा गवताचा थोंब आणि पलीकडच्या झाडाखालची माती हे तीन वेगळे नमुने आहेत. प्रत्येक प्रकारात निदान पाच ठिकाणं घ्या आणि ती वेगवेगळी मोजा.

तसंच खोलीचं. मी वरचे 5 सेंटिमीटर नेहमी वेगळे काढतो, कारण बी तिथे रुजतं. मग 5 ते 15, 15 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 100 असे थर. गिरमिटाने माती काढताना वरची माती खाली ढासळून मिसळत नाही ना, हे पाहत राहावं लागतं. भोकाच्या कडेची खरवडलेली माती सुरीने काढून टाकून फक्त आतला गाभा घ्यायचा. हे आकडे खोलीसमोर मांडले की जी रेघ येते तिचा आकार पाहायचा, आणि मला विचाराल तर निदानाचा निम्मा भाग या आकारातच असतो.

समजा तीन जागांची मीटरभर खोलीची सरासरी 6 आहे. पहिलीत वरच्या थरात 15 आणि खाली उतरत 2: इथे क्षार खालून वर चढताहेत. भूजल जवळ आलं आहे, केशाकर्षणाने पाणी वर येतं, बाष्प होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं. भूजल साधारण दीड-दोन मीटरच्या आत आलं की बहुतेक मातींत हे सुरू होतं. दुसरीत वर 1 आणि खाली वाढत 12: पावसाचं पाणी क्षार खाली ढकलतंय, जागा सध्या ठीक आहे, पण खालचा साठा लक्षात ठेवायला हवा. तिसरीत वर कमी, मध्ये फुगवटा आणि खाली पुन्हा कमी: खोल मुळांची झाडं पाणी शोषून घेतात, मीठ मुळांच्या टोकाशी सोडतात आणि दोन्हींचा समतोल टिकून आहे. कमी पावसाच्या प्रदेशातल्या जुन्या वनाची ही ओळख आहे. सरासरी एकच, पहिली जागा आजारी आहे, दुसरी बरी, आणि तिसरी झाडं तोडली नाहीत तोवर बरी.

तिसऱ्या प्रकारात झाडं तोडली तर काय होतं, याचं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे. तिथे पावसाबरोबर समुद्रावरून आलेलं मीठ हजारो वर्षं जमिनीत खोल साठलेलं होतं आणि खोल मुळांची देशी झाडी पाऊस वरच्या वर वापरून ते तिथेच ठेवत होती. गव्हासाठी ती झाडी काढली, उथळ मुळांच्या पिकांतून पाणी खाली झिरपू लागलं, भूजल वर आलं आणि येताना तो साठा घेऊन आलं. झाडी तोडणं आणि ओढे खारट होणं यांचा संबंध डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याने 1924 मध्येच मांडला होता. तोड आणि परिणाम यांच्यात पुष्कळदा काही दशकं गेली, आणि त्या काळात वरच्या मातीचा आकडा चांगलाच दिसत राहिला. खाली फुगवटा हलायला लागला होता, तो फक्त खोल नमुन्यांत आणि निरीक्षण नळीत दिसला असता.

म्हणून निरीक्षण नळी बसवाच. भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप, तळाशी जाळी, भोवती जाड वाळू, वर झाकण. दर महिन्याला पाण्याची पातळी आणि त्या पाण्याची वाहकता नोंदवायची. मातीचे नमुने वर्षातून दोनदा पुरतात: पावसाळा संपताना आणि पुढचा पाऊस येण्याच्या अगदी आधी. पहिल्या वेळी वरचा थर सगळ्यात धुतलेला असतो, दुसऱ्या वेळी सगळ्यात खारट. या दोन वाचनांतलं अंतर दर वर्षी वाढत असेल किंवा पावसानंतरचा नीचांक दर वर्षी वर सरकत असेल, तर जागेची स्वतःला धुऊन काढायची ताकद कमी होते आहे. पावसानंतरच्या नीचांकावर माझा जास्त भरवसा आहे. उन्हाळ्यातला उच्चांक एखाद्या वळवाच्या सरीनेही बदलतो.

आता "किती असायला हवी" हा प्रश्न. 4 ची सीमा पिकांसाठी आखलेली आहे. मास आणि हॉफमन यांनी 1977 मध्ये पिकांच्या सहनशीलतेचे जे तक्ते मांडले तेही पिकांचेच. देशी वनस्पतींसाठी असा एकच तक्ता नसतो आणि नसावाही. कच्छचं रण, खाडीतली मीठपठारं, खारफुटीच्या मागचे उघडे सपाट पट्टे ही निसर्गतःच खारट ठिकाणं आहेत. तिथे 40 चं वाचन हे आजाराचं लक्षण नाही. मोरस आणि त्यासारख्या रसाळ, मिठात वाढणाऱ्या वनस्पती तिथल्याच आहेत, आणि रणात रोहित पक्षी वीण घालतात ते खारट चिखलातच. अशा जागेला पडीक म्हणून जिप्सम टाकायला किंवा गोडं पाणी सोडायला निघालेली माणसं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. तिथे क्षारता घटणं हीच धोक्याची खूण असते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर रस्ते आणि बांधांमुळे भरतीचं पाणी अडलं, खारी दलदल गोडी होत गेली आणि बोरूसारख्या उंच फ्रॅग्मायटीस गवताने तिथली मूळची वनस्पती हटवून जागा व्यापली. मीटरवरचा आकडा तिथे "सुधारत" होता.

म्हणून तुलनेची जागा शोधा: त्याच प्रकारची माती, तीच उंची, तेच पाणी, पण जिथे झाडी धडधाकट आहे. तुमची रेघ त्या रेघेच्या शेजारी ठेवा. अशी जागा मिळत नसेल तर तुमच्याच जागेतून, धडधाकट भागाकडून वाळत्या भागाकडे एक सरळ ओळ आखा आणि ठरावीक अंतरावर नमुने घ्या. वनस्पती जिथे बदलते त्या रेषेवर नमुन्यांची गर्दी करा.

आणि रोपं मोजा. माझा यावर फार भर असतो. मोठं झाड खोलवरच्या गोड्या पाण्यावर वर्षानुवर्षं तग धरतं; बियाणं आणि रोप मात्र वरच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये जगतं किंवा मरतं. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी आणि नॉर्थ कॅरोलायनात समुद्र आत सरकल्याने जंगलं उभीच्या उभी वाळली आहेत. तिथे मोठी झाडं हिरवी असतानाच खाली नवी रोपं यायची थांबली होती. म्हणजे जंगल संपलेलं असतं आणि वरून दिसत नाही. प्रत्येक नमुन्याच्या जागी एक मीटर चौकटीत त्या वर्षी रुजलेली रोपं, गेल्या वर्षीची जगलेली रोपं आणि त्यांच्या जाती लिहा. वरच्या थराच्या वाहकतेसमोर ही संख्या मांडलीत की तुमच्या जागेची खरी सीमा तुम्हालाच सापडेल.

वाहकता किती क्षार आहेत ते सांगते, कुठले ते सांगत नाही. सोडियमचा वाटा जास्त असेल तर माती चोपण होते: कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. घरच्या घरी पाहायचं तर वाळलेल्या मातीचं मटाराएवढं ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ते नुसतं ढासळून ढीग झालं तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर सोडियम जास्त आहे. क्षार भरपूर असतात तोवर हेच कण एकत्र धरलेले राहतात. गोड्या पाण्याचा पूर येऊन क्षार धुतले गेले आणि सोडियम मात्र मातीच्या कणांना चिकटून राहिलं की माती बसते. क्षारता घटली म्हणून आनंद मानला त्याच वर्षी पाणी मुरणं थांबलं, असं म्हणूनच होतं. सामू 8.5 च्या वर असेल तर विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम तपासून घ्याच.

तुमची जागा भरतीच्या टप्प्यात येत असेल तर मातीच्या अर्काऐवजी मातीच्या कणांमधलं पाणी थेट काढून मोजणं जास्त सोपं आणि जास्त खरं. टोकाशी बारीक भोकं पाडलेली नळी 30 सेंटिमीटर खोल खुपसा, सिरिंजने सावकाश ओढा, पहिलं गढूळ पाणी टाकून द्या आणि पुढचं मोजा. खेकड्यांच्या बिळाजवळ नळी लावू नका; तिथून भरतीचं पाणी सरळ आत येतं आणि वाचन खऱ्याहून कमी खारट दिसतं. वर साचलेल्या पाण्यावरून अंदाज तर बांधूच नका. खारफुटीची मुळं गोडं पाणी ओढून मीठ बाहेर ठेवतात, त्यामुळे मुळांभोवतीचं पाणी भरतीच्या पाण्याहून खारट असू शकतं. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतं आणि समुद्राहून खारट मातीतही जगतं, मात्र खुजं राहून. सुंदरबनातल्या सुंदरीला कमी खारटपणा लागतो. दोन्ही एकाच काठावर असतील तर कोणाची रोपं वाढताहेत हे पाहिलं तरी पाण्याची दिशा समजते.

विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचं उपकरण भाड्याने मिळालं तर मोठ्या क्षेत्राचा नकाशा एका दिवसात होतो, जमीन न खणता. ईएम 38 हे उपकरण उभं धरल्यास साधारण दीड मीटर आणि आडवं ठेवल्यास पाऊण मीटर खोलीपर्यंतचं वाचन देतं. पण ते ओलावा, चिकणमाती आणि तापमान यांचंही वाचन असतं. त्याच दिवशी घेतलेल्या मातीच्या नमुन्यांशी ताळा घातल्याशिवाय त्याला क्षारता म्हणू नये. उपग्रहाच्या चित्रात वरचा पांढरा थर आणि वनस्पतीचा ऱ्हास दिसतो, म्हणजे उशिराची अवस्था. कुठे खणायचं हे ठरवायला ती चित्रं छान आहेत.

तुमच्या जागेसाठी मी आधी दोन निरीक्षण नळ्या बसवीन, एक खाडीच्या बाजूला आणि एक जमिनीच्या बाजूला, आणि त्यांच्यामध्ये पाच-सहा ठिकाणी मीटरभर खोल, थरवार नमुने घेईन. खाडीकडची नळी खारट, जमिनीकडची गोडी आणि वरच्या थरात खाडीकडून चढत जाणारी क्षारता असेल तर भरतीचं पाणी पूर्वीपेक्षा आत येतंय. मग तोंडाशी काय बदललं ते शोधा: गाळ उपसला, बांध फुटला की वरून येणारं गोडं पाणी कोणी वळवलं. दोन्ही नळ्या खारट आणि पातळी दीड मीटरच्या आत असेल तर क्षार खालून येताहेत आणि कारण खाडीत नाही, वरच्या पाणलोटात आहे. दोन्ही नळ्यांतलं पाणी गोडं आणि तरी वरचा थर खारट असेल तर कडेच्या जागेत पाणी तुंबून जागेवरच आटतंय. बाहेर जाणारा जुना ओहोळ बुजला आहे का ते आधी पाहा. मुळांशी कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर सल्फाइडची वेगळी तपासणी करा, कारण समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट तुंबलेल्या मातीत सल्फाइड होऊन मुळं मारतं आणि ईसी मीटरला ते दिसत नाही.